मी वाचवलेली टेकडी बघायला बुलडाण्याला

गेल्या नोव्हेंबरात कोथरूडच्या घरी सोफ्यावर बसून मी बुलडाणा जिल्ह्यातली एक टेकडी वाचवली. निदान माझा तसा समज होता. जंगलं राखायला मदत करणाऱ्या एका संकेतस्थळाची मी स्वयंसेवक आहे. उपग्रहाने टिपलेली दोन महिन्यांची चित्रं शेजारी शेजारी ठेवायची, झाडं गेलेली दिसली की तिथे लाल चौकोन काढायचा, आणि सूचना तिथल्या वनखात्याच्या कार्यालयात जाते. ऑक्टोबरात छान भरलेली ही टेकडी नोव्हेंबरात अर्धी टकली दिसली. मी हिरव्या बाजूचाही बराच भाग धरून ऐसपैस चौकोन ठोकला. ‘कारवाई सुरू’ असा निरोप आला, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर मी तो मुद्दाम दोनदा टाकला.

फेब्रुवारीअखेर चार दिवसांची रजा शिल्लक होती. म्हटलं, आपलं जंगल एकदा डोळ्यांनी पाहून यावं. गावकऱ्यांनी सत्काराचा घाट घातला तर नम्रपणे नको म्हणायचं, हेही ठरवून ठेवलं होतं.

पहाटेच्या गाडीने पुण्याहून जालना गाठलं की देऊळगाव राजाला एसटी सहज मिळते. बालाजीचं दर्शन घेतलं आणि स्टँडबाहेर तर्री-पोहे खाल्ले. ‘तर्री कमी घाला’ असं म्हणण्यात अर्थ नाही. मालक ‘हाव’ म्हणतात आणि मनाला येईल तेवढीच घालतात. मुक्काम चिखलीला केला. लॉज साधा, चादरी स्वच्छ, गरम पाणी सकाळी सातपर्यंतच.

दुसऱ्या दिवशी एसटीने पुढे इकडच्या उंद्रीला उतरून रिक्षा ठरवली, जाऊन-येऊन पाचशे रुपये. रिक्षावाले रशीदभाई बोलके निघाले.

“तिकडे पाहाले काहीच नाही मॅडम. नुसता पहाड हाय.”

“तोच बघायचाय. मीच वाचवलाय तो, पुण्यातून.”

रशीदभाईंनी आरशातून माझ्याकडे नीट पाहिलं. “अच्छा! म्हंजे तो लाल चौकोन तुमचा हाय काय?”

माझी कीर्ती इथवर पोचलेली पाहून मी सुखावले. त्यांनी मात्र आरसा दुसरीकडे वळवला.

गावाचं नाव मी लिहीत नाही. त्या गावाला माझ्यामुळे आधीच पुरेशी प्रसिद्धी मिळालीय. गावच्या वनसमितीच्या अध्यक्ष सुमनबाई अंगणात तुरी पाखडत होत्या. मी कोण ते रशीदभाईंनीच सांगितलं. बाईंनी सूप खाली ठेवलं, पदर खोचला आणि “चाला” एवढंच म्हणून टेकडीकडे निघाल्या.

टेकडीवर झाडं होती. अंजन होते, सालई होत्या, सगळ्या टेकडीभर, माझ्या चौकोनातसुद्धा. एकही बुंधा तोडलेला नव्हता. फरक एवढाच की अर्ध्या टेकडीवर गवत कापलेलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यावर वाळून कडकडीत झालेली, गुडघाभर कुसळी उभी होती.

“आमच्या इथं दिवाळीपरेंत पहाडावर ढोर चढत नाही,” सुमनबाई म्हणाल्या. “मंग घरटी एक माणूस इळा घेऊन येते. महिनाभर कापाचं, सारखं वाटून घ्याचं. ढोराइले चारा होते अन् उन्हाळ्यात पहाडावर जळाले काही राहत नाही. औंदा अर्धं झालं, अन् सायब लाल चौकोनाचा कागद घेऊन आले. म्हने, वरून दिसलं, तुमी जंगल तोडून राह्यले. चौकशी होईपरेंत गवताले हात लावाचा नाही.”

“मग चौकशी झाली?”

“सायबाची बदली झाली.”

मी झाडं गेली म्हणून बोंब मारली होती, आणि गेलं होतं ते गवत.

“एक बिडी पडली ना ताई, तं पहाड हातचा जाते,” बाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सूचना मागे घेता येते, पण चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर उभं राहून काढलेले फोटो लागतात. तीन कोपरे कुसळं टोचून घेत सापडले. चौथा नेमका एका विहिरीत होता. काठावरून काढलेला फोटो संकेतस्थळाने ‘जागा जुळत नाही’ म्हणून तीनदा परत केला. शेवटी रशीदभाईंनी माझा मोबाईल टायमर लावून बादलीत ठेवला आणि दोराने खाली सोडला, तेव्हा कुठे जागा जुळली. रेंज फक्त मारुतीच्या पारावर येते; तिथून सगळं पाठवलं. ‘तीस दिवसांत तपासणी होईल’ असं उत्तर आलं. सुमनबाईंनी भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा वाढला. जेवण अप्रतिम होतं.

घरी येऊन तीन आठवडे झाले आणि सुमनबाईंचा फोन आला. टेकडी पेटली. न कापलेल्या बाजूने. बायांनी ओल्या फांद्यांनी दुपारभर आग झोडपली, पण ती थांबली ती गवत कापलेल्या हद्दीशीच. तिथवरचे अंजन गेले.

मी संकेतस्थळ उघडलं. निरोप येऊन पडला होता: ‘आपली दुरुस्ती नामंजूर. ताज्या चित्रात झाडं नष्ट झालेली स्पष्ट दिसतात. आपली मूळ सूचना अचूक होती. अभिनंदन!’

मला स्वतःची लाज वाटली. बाई फोनवरच होत्या.

“ताई, एक इचारू? हे लोक वरून पाह्यतात ना? गवत कापलेलं दिसते त्याइले. मंग धूर काऊन नाही दिसला?”

मी त्या दिवसाचं चित्र शोधलं. धूर दिसत होता, चांगला दोन गावांवर पसरलेला. चित्राखाली शेरा होता: ‘ढगाळ. तपासणीसाठी वापरू नये.’