दुकानातला कूलर

आमच्या कूलरवाल्याच्या खिशात, ऊन लागू नये म्हणून, कांदा आणि डोक्याला ओला दुपट्टा असायचा. कूलर दुरुस्त करून चालू केला, की तो लगेच बाजूला व्हायचा. "या हवेची सवय लागली का बाहेरचं ऊन मारते, भाऊ." बाकी काहीही विचारा, उत्तर एकच: "होऊन जाते."

यंदा ऐन नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ जाळत्या दिवसांत, आमच्या कूलरची मोटर जळली. नवी मिळेना. संध्याकाळी त्यानं दुसराच कूलर आणून खिडकीत बसवला. "दुकानातला हाये. बिना कूलरचे कसे राहान तुम्ही?"

मग दहा-बारा दिवस तो फिरकला नाही. मी फोनवर वाटेल ते बोललो. तो म्हणाला, "होऊन जाते."

आला, तेव्हा दुपट्ट्याखाली डोकं भादरलेलं होतं.

"माय गेली," मोटर बसवत तो म्हणाला. "टिनाचं घर. घरातच ऊन लागलं तिले."

"अरे, तुझ्या घरी कूलर नव्हता?"

त्यानं खिडकीतला कूलर उतरवला, तेव्हा त्याची मागची बाजू मला प्रथमच दिसली. तिथं कुंकवाचं स्वस्तिक होतं, म्हाताऱ्या, थरथरत्या बोटानं काढलेलं.

आमचा कूलर चालू करून तो सवयीनं बाजूला झाला. मी त्या गार हवेतच उभा होतो.