सायकली सावलीत नेणारी बाई

उन्हाळ्यात आमच्या गावच्या बाजारचौकात दुपारी बाराच्या सुमारास कोणीतरी एक जण हमखास चोर-चोर म्हणून ओरडायचा. बाहेरगावचा असायचा बिचारा. सकाळी सायकल स्टँडवर सायकल लावून गेलेला, परत येऊन पाहतो तर सायकल जागेवर नाही. गावातलं कोणी जागचं उठायचं नाही. पानठेल्यावरून एखादा नुसता हात करायचा, "तिकडं पाह्य भाऊ, सावली तिकडं गेली." आणि खरंच, स्टँडच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीच्या सावलीत, बाकीच्या पन्नास-साठ सायकलींसोबत त्याची सायकल आरामात उभी असायची.

हे काम पंचफुलाबाईचं. सारा गाव तिला फुलाबाई म्हणायचा. सावली हलली की ती हलायची. दिवसातून तीनदा सगळ्या सायकली इकडून तिकडं. कुलूप मागच्या चाकाला, म्हणून एका हातानं हँडल धरायची, दुसऱ्या हातानं कॅरिअर उचलायची, आणि अडून बसलेल्या गोऱ्ह्याला न्यावं तशी एकेक सायकल पुढच्या चाकावर चालवत न्यायची. मी एकदा विचारलं, बाई, हा कुटाणा कायले? तर म्हणाली, "अरे डायवर, उन्हानं ट्यूबचं पंक्चर सुटते. मानूस सकाळी भरल्या चाकानं येते अन् दुपारी ढकलत जाते. त्यानं सायकल माह्या भरवशावर ठेवली का सूर्याच्या?"

मी जीपवाला. आमच्या गावाहून दारव्ह्याला काळी-पिवळी चालवायचो, अजूनही अधूनमधून चालवतो. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरती नाही. पण इंजिनाच्या आवाजावरून त्याला काय झालं ते सांगतो, त्यामुळे शिकलेल्या माणसापुढं मान खाली घालायची वेळ माझ्यावर आली नाही. आमच्या जिपांचा नंबर लागायचा तो बरोबर तिच्या स्टँडसमोर. शिटा भरेपर्यंत तास-तास बसावं लागायचं. म्हणजे तीस वर्षं या बाईचं बोलणं ऐकण्यात गेली, आणि मीही काही गप्प बसणाऱ्यातला नाही.

स्टँड तिच्या नवऱ्यानं टाकलं होतं. तो लवकर गेला. तेरा दिवसांच्या आतच ही पोरीला मांडीवर घेऊन त्याच्या स्टुलावर येऊन बसली. पत्र्याचे गोल बिल्ले, एकाच नंबरचे दोन-दोन. एक सायकलच्या हँडलला अडकवायचा, एक मालकाच्या हातात द्यायचा. तिच्या लोकांपैकी कोणी जाताना जयभीम घातला की एका हातानं जयभीम आणि दुसऱ्या हातानं बिल्ला, दोन्ही एकदमच व्हायचं. एवढ्या सायकली हाताखालून गेल्या, पण बाईला सायकल चालवता येत नव्हती, हे मला दहा वर्षांनी कळलं. मी खूप हसलो. जीपवाल्या सगळ्यांना बोलावून सांगितलं. ती म्हणाली, "मी चालवत फिरली असती तं तुमच्या कोन सांभायल्या असत्या? हलवाई काय दिवसभर पेढे खाते?"

आधी तिथं एकच कडुनिंब होता. बाईनं त्याच्या निंबोळ्या वेचून मागच्या अंगाला रोपं केली आणि आठ झाडं लावली. आमच्याकडचा उन्हाळा असा, की नवं झाड जगवणं आणि तान्हं मूल जगवणं सारखंच. एकदा भर दुपारी माझ्या जीपचं रेडिएटर उकळलं, मी बादली घेऊन तिच्या रांजणाकडं धावलो. तिनं बादलीवर हात ठेवला.

"आधी झाडाले, मग डब्याले."

"बाई, इंजिन जाईन माहं!"

"झाड गेलं तं कोन्या ग्यारेजमदी नेऊ मी?"

अर्धी बादली निंबाला घातली तेव्हा अर्धी मला मिळाली. मग तो दंडकच पडला. जो जीपवाला पाणी मागेल त्यानं आधी झाडाला घालायचं. माझ्या जीपला डबा म्हणणारी ही जगातली एकटी बाई, आणि तिच्या झाडांना सगळ्यात जास्त पाणी घातलं ते आम्ही डबेवाल्यांनी.

झाडं डोक्याच्या वर गेली तशी शाळेतल्या गुरुजींना ती दिसली. पर्यावरणाचा कार्यक्रम होता, फुलाबाईला बोलावलं, शाल दिली, म्हणाले दोन शब्द सांगा. ती माईकपासून हातभर लांब उभी राहून म्हणाली, "माही पाठ दुखे. साठ सायकली तीनदा हलवा लागे. झाडं झाले तं हलवा नाही लागत. म्हनून लावले." आणि जाऊन बसली. टाळ्या वाजवायच्या की नाही ते पोरांना कळेना. गुरुजींनी मग स्वतःच वाजवल्या.

आमचं भांडण एकच होतं, सायकल की गाडी. ती म्हणायची, "तुह्या एका डब्याच्या जागेत माह्या पंधरा सायकली उभ्या राह्यतात. डबा धूर सोडते, जागा खाते, अन् वरून पों-पों करते." मी म्हणायचो, "बाई, पंधरा सायकलीवर पंधरा मानसं बसतीन. माह्या एका जीपमदी चवदा बसतात अन् दोन मागं लटकतात. अन् बाळंतीन दवाखान्यात न्यायची तं सायकलवर नेतान काय?" हे तिलाही ठाऊक होतं, कारण तिच्याच पोरीला पहिल्या खेपेला मी जीपमध्ये घालून यवतमाळला नेलं होतं, आणि बाई स्वतः वाटभर माझ्या पाठीत बोटं रुतवून बसली होती. पण माघार घेईल तर ती फुलाबाई कसली. एखादी सायकल सावलीत सारून यायची आणि म्हणायची, "बाळंतपन रोज होते काय? गल्लीतून दही आनाले फटफटी काढते तो तुहा पुतन्या काय बाळंत होऊन राह्यला?" सगळा जीप स्टँड माझ्यावर हसायचा.

तिचं म्हणणं मला पटलं असं समजू नका. मला आजही पटत नाही. पण एक खरं, की भांडणात मी जिंकत चाललो होतो आणि ते आम्हा दोघांनाही दिसत होतं. घरोघरी मोटारसायकली आल्या, मग चारचाकी आल्या. साठाच्या चाळीस झाल्या, चाळिसाच्या वीस. शेवटी आठ राहिल्या. शाळेत येणाऱ्या खेड्यावरच्या पाच मुली, एक दूधवाला, एक गवंडी, आणि शिंप्याचं दुकान चालवणारे हनीफभाई, तेही लुना बंद पडली तरच. झाडं मात्र अशी गच्च झाली होती, की नऊ झाडांच्या थंडगार सावलीत आठ सायकली. फुलाबाईला हलवायला काही उरलं नव्हतं. ती स्टुलावर बसून निवांत शेंगा फोडायची, आणि मला ते पाहवत नव्हतं.

मग बातमी आली की नगरपंचायत स्टँडची जागा चारचाकी पार्किंगला घेणार. झाडं काढून सगळीकडं सिमेंटचे ठोकळे बसवायचे. ऑफिसातून साहेब पाहायला येणार होता. स्टँड वापरात दिसलं तर विचार करू, असं त्यानं कोणाजवळ तरी म्हटलं होतं. ते ऐकल्यावर फुलाबाई दोन दिवस नुसती झाडांच्या बुडाशी पाणी घालत राहिली. तिसऱ्या दिवशी मीच तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"बाई, काळजी नका करू. घरोघरी जुन्या सायकली पडून हायेत. मी जीपच्या टपावर घालून पन्नास आनतो. साहेब येऊन जाईन, मंग वापस नेऊन टाकतो."

"मढे आनतो काय?"

"म्हंजे?"

"जी सायकल डब्यावर निजून येते ते मढं हाये. आनाची असन तं चालवत आना. नाही तं राहू द्या."

असली हट्टी बाई. तिचं सगळं जायची वेळ आली तरी हिचे कायदे सुटत नव्हते. मी चिडून निघून गेलो. पण घरोघरी सांगत फिरलो मीच. म्हटलं, चालवत या, नाही तर ती बिल्ला देणार नाही.

त्या दिवशी मलाही चालवतच यावं लागलं. माझं घर गावापासून पाच किलोमीटरवर, वस्तीवर. माझी सायकल विकून वीस वर्षं झालेली. शेजारच्या मुलीची शाळेची गुलाबी सायकल घेतली, समोर टोपली असलेली. चढावर दोनदा उतरलो. बाजारचौकात शिरलो तर माझेच जातभाई, सगळे जीपवाले, बोनेटवर बसून वाट पाहत होते. "दारव्हा, दारव्हा! काका, एक शीट हाये काय? टोपलीत बसतो!" एकानं तर टपावर सामान टाकायची ॲक्शन केली. मी घंटी वाजवून त्यांच्यातून सायकल काढली आणि फुलाबाईपुढं उभी केली. तिनं माझ्याकडं पाहिलं, सायकलकडं पाहिलं, आणि बिल्ला दिला. "उशीर केला," एवढंच म्हणाली.

चाळीसच्या वर सायकली आल्या होत्या. गंजलेल्या, वाकड्या, एकीला तर सीटच्या जागी पोतं बांधलेलं. हनीफभाईची चेन वाटेत दोनदा पडली, कोपरापर्यंत हात काळे. साहेब आला. तरुण होता, बोलायला बरा. त्याची पांढरी गाडी सावलीकडं वळली तशी फुलाबाई आडवी आली. "तिकडं लावा. हे सायकलीची जागा हाये." गाडी उन्हात गेली.

साहेबानं रांगेवरून नजर फिरवली. "आजी, गावात एवढ्या सायकली आहेत हे मला माहीत नव्हतं. रोज येतात?"

हनीफभाई घाईनं म्हणाले, "रोज, साब, रोज! आज तो कम है." मीही मान हलवली. पन्नास मुंड्या हलल्या.

फुलाबाई म्हणाली, "नाही, साहेब. रोज आठ येतात. बाकीचे आज आले, उद्या नाही येनार. हा डायवर पाहा ना, आजच मरते का काय असा बसला हाये."

मला वाटलं, खाल्ली हिनं माती. सारा गाव घाम गाळत आला आणि ही आपल्या तोंडानं सगळं सांगून मोकळी. साहेबही गडबडला. कागदाची घडी करत म्हणाला, "मग आजी, आठ सायकलींसाठी एवढी जागा कशी ठेवू? गाड्या रस्त्यावर उभ्या राहतात, माणसाला चालायला वाट नाही."

बाईनं वर झाडाकडं पाहिलं. मग म्हणाली, "गाड्या उभ्या करा."

"काय?"

"माहं स्टँड उठवा. गाड्या इथं लावा. पन झाडाखाली लावा, झाडं नका तोडू. अन् बुडाशी गोल माती सोडा, सिमेंटातून थे पानी कसं पितीन? झाडाले काय, डबा उभा का सायकल उभी, त्याले सारखंच." मग साहेबाच्या ड्रायव्हरकडं वळून म्हणाली, "तुह्या गाडीचं दार उघडून पाह्य बरं." त्यानं दाराला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. साहेब हसला नाही. तिथंच बोनेटवर कागद ठेवायला गेला, तोही पोळला, मग निंबाच्या बुंध्याला टेकवून त्यानं काहीतरी लिहिलं.

रस्त्याच्या कडेची दोन झाडं गेली. सात राहिली, बुडाशी मातीचं गोल सोडून. त्या दिवशी ज्यानं-त्यानं आपली सायकल नेल्यावर फुलाबाईनं बिल्ले खिळ्यांवरून काढून एका तारेत ओवले आणि पिशवीत टाकले. तीस वर्षं मी जे म्हणत होतो ते आता सरकारी कागदावर आलं होतं. जीपवाले म्हणाले, काका, जिंकले ना, चहा पाजा. मी त्यांच्यावर उगाचच खेकसलो.

पार्किंग सुरू झालं त्या दिवशी ती आली होती. मी जीप घेऊन आलो तर हात करून म्हणाली, "लाव. पहिला मान तुहा. या निंबाखाली लाव." मी जीप समोर उन्हात नेऊन उभी केली. ती तरातरा आली.

"येडा झाला काय? सावली रिकामी पडली हाये."

"पडू द्या."

"अरे, तू जिंकला, मी हरली. संपलं. लाव आता."

"तुमी आपल्या हातानं सोडून देल्लं. त्याले हरनं म्हनत नाहीत."

"सावली वाया जाऊन राह्यली, मेल्या!" ती खरंच रागावली. हरल्याचा राग तिला नव्हता, वाया जाणाऱ्या सावलीचा होता.

पुढं पोरीनं तिला उमरखेडला आपल्याकडं बोलावलं. मीच जीपनं पोचवून दिलं. गाडी सकाळपासून उन्हात, सीट तव्यासारखी. मी दुपट्टा ओला करून अंथरला, ती वर बसली. वाटभर एका शब्दानं कुरकुर केली नाही. फक्त कुठं रस्त्याच्या कडेला झाडं तोडलेली दिसली की जिभेनं च् च् करायची. दारात उतरल्यावर पदरानं तोंड पुसत म्हणाली, "डायवर, ऐक माहं. आतातरी गाडी सावलीत लावत जाय."

मी पाहू म्हणालो. गेल्या वर्षी ती गेली. मी अजूनही जीप उन्हातच लावतो. पार्किंगवाला रोज सावलीत बोलावतो, मी जात नाही. त्या बाईचं ऐकायची मला कधी सवय नव्हती. आता या वयात नवीन सवय कशाला लावून घेऊ?