पानं आहेत तोवर

हॉस्पिटलात सगळे तिला एक्स-रेवाल्या बाई म्हणत. तेवीस वर्षं ती एका बिनखिडकीच्या खोलीत लोकांच्या हाडांचे फोटो काढत होती, आणि गेली अकरा वर्षं पानगळ जवळ आली की तिचं चित्त थाऱ्यावर नसे. डोंगरातल्या धबधब्याभोवतीची झाडं पिवळी-तांबडी दिसत ती जेमतेम आठ-दहा दिवस. तेवढ्यात फोटो साधला तर साधला.

यंदा नेमकी कामातली जोडीदारीण बाळंतपणाच्या रजेवर गेली. मोठ्या डॉक्टरांनी हिचा रजेचा अर्ज धड वाचलाही नाही. "बाई, धबधबा काय पळून चाललाय?"

"धबधबा नाही हो, पानं पळतात," ती म्हणाली. पण तोवर ते जिन्यापर्यंत पोचलेही होते.

मग धबधब्याच्या पायथ्याशी चहाची टपरी चालवणाऱ्या मावशींना तिनं रोज फोन करायचा सपाटा लावला.

"मावशी, पानं आहेत ना?"

"आहेत. पण वारा सुटलाय."

चौथ्या दिवशी मावशी वैतागल्या. "अगं बाई, मी चहा उकळू का पानं मोजू?"

घरीही तिनं उच्छाद मांडला. कॅमेऱ्याची पिशवी भरायची, उपसायची, परत भरायची. ट्रायपॉड बाहेरच्या खोलीत मधोमध उभा. त्याला ठेचकाळून नवऱ्याचा अंगठा सुजला. "आता माझाच एक्स-रे काढ," तो कळवळून म्हणाला, "तेवढंच तुझं मन रमेल." ती हसली नाही. खिडकीतून वारा बघत होती.

शेवटी रविवारी बदली माणूस मिळाला. ती पहिल्याच बसनं निघाली. घाट सुरू झाला आणि ती खिडकीला नाक लावून बघू लागली. रस्ताभर पानांचा खच.

मावशी टपरीसमोर झाडत होत्या. "कालपासून नुसतं थैमान घातलंय वाऱ्यानं. तुला कळवायचा धीरच झाला नाही."

चहाला नको म्हणून ती तरातरा वर गेली. झाडांचे नुसते सांगाडे उभे होते. स्वतःवर, डॉक्टरांवर, वाऱ्यावर चरफडत तिनं ट्रायपॉड रोवला, मान वर केली आणि थबकली. नेहमीच्या धारेच्या वर, कड्यातून आणखी एक बारीक धार उडी घेत होती. अकरा वर्षं पानांनी ती झाकून ठेवली होती.

तिनं चार सेकंद शटर उघडं ठेवलं. तेवढे चार सेकंद ती जागची हलली नाही. मग या दगडावरून त्या दगडावर, गुडघाभर पाण्यात, पुन्हा काठावर. शेवटची बस सुटायला आली तेव्हा मावशींनी खालून हाका मारमारून तिला उतरवलं.

घरी नवऱ्यानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. "सुरेख आलाय गं. झालं समाधान?"

"कसलं समाधान! ऊन पाठीमागून आलंय. त्या वरच्या धारेपाशी सकाळी आठच्या आत पोचायला हवं."

त्यानं तिच्यासाठी ताट वाढलं. ती बूटही न काढता जमिनीवर नकाशा पसरून बसली होती.