आधी फोन येतो

सॉल्ट लेकच्या आमच्या ऑफिसात सलील टेंबेला सगळे बंगाली रीतीने सलीलदा म्हणत. कोडची एक ओळ लिहिता न येणारा हा माणूस सॉफ्टवेअर कंपनीत वीस वर्षं टिकला तो पेन्सिलीच्या जोरावर. गिऱ्हाइकाने काही मागितलं की आमची मंडळी लगेच कीबोर्डवर तुटून पडत. आधी कळस मग पाया. सलील त्यांना थांबवायचा. जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठींवर तो चौकटी काढायचा. ॲप वापरणारं माणूस कुठे उभं आहे, त्याच्या हातात काय आहे, पुढे काय होतं, सगळं चित्रांत. याला आम्ही स्टोरीबोर्ड म्हणतो. तो भिंतीवर लावायचा आणि मग दोन-दोन आठवड्यांच्या हप्त्यांत काम उरकायचं, अशी पद्धत.

मी वैदेही, त्याच टीममध्ये चाचणी करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढते. मला हा चित्रांचा खेळ पोरकटपणा वाटायचा. एकदा मात्र त्याने बसमध्ये उभी असलेली बाई काढली. एक हात वरच्या दांड्याला, खांद्याला पिशवी, दुसऱ्या हातात फोन. 'हिचा अंगठा वरच्या बटणाला कसा पोचेल?' त्याने विचारलं. बटण खाली, अंगठ्याशी आलं. त्या दिवसापासून मी गप्प बसले.

प्रत्येक चित्रात बाई एकच असायची, हनुवटीवर तीळ असलेली. ती त्याची बायको, मृणाल. रेल्वेतल्या वडिलांमुळे इथल्याच गार्डन रीचच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, तिथल्याच एका शाळेत गणित शिकवणारी. मराठी घरातली, पण बंगाल्यांसारखं 'चहा खाणार का?' असंच विचारायची. सलील रोज चित्रं घरी नेऊन तिला दाखवायचा आणि ती गणिताच्या वहीसारखी तपासायची.

तीन वर्षांपूर्वी शहराच्या दक्षिणेकडच्या एका खाजगी रुग्णालयाचं काम आमच्याकडे आलं. तपासणीचा रिपोर्ट थेट पेशंटच्या फोनवर यावा. सलीलने पाच चौकटी काढल्या. बाई रक्त देते, घरी जाते, फोन वाजतो, ती रिपोर्ट उघडते, हसते. मृणालने त्या पाहिल्या आणि विचारलं, वाईट निघाला तर? दुसऱ्या दिवशी सलील आणखी एक कागद घेऊन आला आणि रिपोर्ट उघडायच्या चौकटीआधी त्याने तो चिकटवला. रिपोर्ट गंभीर असेल तर तो बंदच राहील, आधी डॉक्टरांचा फोन येईल. बाई खुर्चीत बसून ऐकते आहे, असं ते चित्र होतं.

रुग्णालयाला ॲप दुर्गापूजेच्या आधी हवं होतं. सौरभदा, आमचे मॅनेजर, बैठकीत म्हणाले, काहीतरी गाळावं लागेल. सगळ्यांच्या नजरा त्याच कागदावर गेल्या. अति घाई संकटात नेई ही पाटी घाटात शंभरदा वाचलेली मी, मीही गाळायच्या बाजूने हात वर केला. मला पूजेला नागपूरला जायचं होतं. सलील भांडला नाही. त्याने स्वतःच्या हाताने भिंतीवरून कागद उतरवला आणि 'नंतर' लिहिलेल्या फाइलमध्ये ठेवला. पुढे प्रत्येक हप्त्याला तो आठवण करून द्यायचा आणि सौरभदा 'पुढच्या वेळी नक्की' म्हणायचे. काही महिन्यांनी त्याने आठवण करून देणंही सोडलं. आम्ही बाकीच्यांनी तर मिठाची गुळणी धरली होती.

घरी त्याने हे सांगितलंच नाही. सूचना मृणालची होती, तिला वाईट वाटेल, म्हणून.

गेल्या वर्षी मृणालला छातीत गाठ लागली. तिने त्याच रुग्णालयात तपासून घेतलं. डॉक्टरांनी दोघांना शुक्रवारी बोलावलं होतं, पण रिपोर्ट बुधवारीच फोनवर आला. शाळा सुटून ती बसमध्ये उभी होती. एक हात दांड्याला, खांद्याला वह्यांची पिशवी. बटण अंगठ्याखालीच होतं.

पुढचं मला सलीलने दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात सांगितलं, कठड्याला धरून. ती वाटेतच खिदिरपूरला उतरली आणि एका शिंप्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. शिंप्याने पाणी दिलं. मग घरी येऊन तिने स्वयंपाक केला, सलीलला पोटभर जेवू दिलं आणि फोन त्याच्यापुढे ठेवून सगळं सांगितलं. बसमध्येच कशाला उघडलास रिपोर्ट, असं तो कळवळून म्हणाला.

'आधी फोन येतो ना,' ती म्हणाली. 'आला नाही, म्हणजे चांगलाच असणार. तुला कळवावं म्हणून लगेच उघडला.'

'ती चौकट आम्ही गाळली.'

'कधी?'

'ॲप सुरू झालं, त्याच पूजेला.'

 'सांगायचं होतंस रे' एवढंच ती म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

रोग काही आम्ही दिला नव्हता. फोन आला असता तरी ती सात महिन्यांतच गेली असती, हे मलाही कळतं. पण शिंप्याच्या दुकानाची ती पायरी आम्ही दिली, ती मीही दिली. एकदा डबा घेऊन गेले तेव्हा माफी मागायची होती. मृणालने मला बोलूच दिलं नाही. औषधाने कोरड्या पडलेल्या तोंडाने ती विचारत होती, चहा खाणार का.

ती गेल्यावर तेरा दिवसांनी सलील ऑफिसला आला. फाइलमधून त्याने तो कागद काढला आणि भिंतीवर त्याच्या जागी लावला. या वेळी कुणी काही गाळायला सांगितलं नाही. काम सुरू झालं. मी मनात धरून बसले होते की डोंगराएवढं असेल, म्हणून तर तेव्हा राहिलं. ते दोन दिवसांत झालं. दोन दिवस लागले फक्त.

चाचणी माझ्याकडे होती. जुन्या फोनवरही ॲप तपासावं लागतं, तसा एक सलीलने घरून आणला. मृणालचा होता. मी खोट्या पेशंटचा वाईट रिपोर्ट घातला. सलीलने बटण दाबलं, रिपोर्ट उघडला नाही. मग डॉक्टरांच्या जागी घातलेल्या चाचणीच्या नंबरावरून सलीलच्या हातात फोन वाजायला लागला.

मी म्हटलं, झालं, चालतंय. बंद करू?

'वाजू दे,' तो म्हणाला.