शेततळ्यातला चौशिंगा

आमच्या घरात माणसांपेक्षा गुलाबांचा मान मोठा. मला ताप आला तर डब्यातली एखादी गोळी मिळते. गुलाबावर भुरीची पांढरी बुरशी दिसली की तळेगावहून तज्ज्ञ येतो आणि त्याला चहाबरोबर भजीही होतात.

कान्हे गावाच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला आमचं पॉलीहाऊस आहे. मी देहूरोडची. लग्न होऊन आले तेव्हा इथे भात होता, आणि ओढ्यात एक डोह उन्हाळाभर भरलेला असायचा. गुलाब आले तसा डोहात पाइप गेला. ते पाणी आता आमच्या शेततळ्यात असतं. खोल खड्डा, त्याला काळा प्लास्टिकचा कागद आणि भोवती जाळीचं कुंपण. कुंपणाचा आग्रह माझा, कारण त्या कागदावरून घसरलेला माणूससुद्धा वर येत नाही. ‘दार लावलं का?’ हे मी इतक्यांदा विचारायची की सासरे मला वॉचमनबाई म्हणू लागले होते. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी आबांनी हाक मारली. तळ्यात एक जनावर पोहत होतं. मला आधी शेळी वाटली. मग डोकं दिसलं. मागे दोन शिंगं, आणि पुढे कपाळावर आणखी दोन, बोटाच्या पेराएवढी. चौशिंगा. आमच्या डोंगरात आबांनीही तो कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. त्याला रोज पाणी लागतं. डोह कोरडा पडला म्हणून तो आमच्याकडे आला आणि डुकरांनी जाळीखाली उकरलेल्या भोकातून आत शिरला, हे कळायला वनखात्याची गरज नव्हती.

तो काठाला यायचा, पुढचे खूर कागदावर टेकवायचा आणि घसरून पुन्हा पाण्यात जायचा. आम्ही दोर टाकला, बारदान टाकलं. पण आम्ही या काठाला गेलो की तो त्या काठाला. जितकी मदत करावी तितका तो जास्त दमत होता. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही. अरे बाबा, तुझ्याचसाठी चाललंय हे त्याला सांगायचं तरी कसं? वनखात्याला फोन केला. निघतो म्हणाले, पण सुट्टीचा दिवस, लोणावळ्याच्या बाजूला गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या.

शेवटी आबा म्हणाले, “आपुन हितं हाय तवर त्यो वर याचा न्हाई. शेडची जाळी पान्यात सोडू आन् लपू.”

जुनं शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, कुंपणाच्या खांबाला बांधून पाण्यात सोडलं आणि आम्ही पॉलीहाऊसमध्ये शिरलो. आत नुसती भट्टी. घाम डोळ्यांत उतरत होता, पण हलायची चोरी. बऱ्याच वेळाने त्याने शेडनेटवर एक खूर रोवला, मग दुसरा. थरथरत तो वर आला आणि काठावर उभा राहिला. मी आबांचा हात घट्ट धरला. सुनेने सासऱ्याचा हात धरू नये वगैरे तेव्हा कुणाला आठवतं?

आत आला ते भोक त्याला दिसलंच नाही, तो दाराकडे गेला. दार बंद होतं. बाहेर पडताना आबांनी सवयीने कडी घातली होती. माझ्याच धाकाने लागलेली सवय.

आबा उठले. मी म्हणाले, थांबा, तुम्हाला बघून बिथरेल. ते बसले. त्याने जाळीला धडक दिली, मग आणखी एक. आता मीच म्हणाले, जा, उघडा. आबा वाकून, जवळजवळ रांगत दाराशी पोचले. कडी वाजली. तेवढ्या आवाजाने तो मागे फिरला आणि थेट पाण्यात गेला. या खेपेला तो फारसा पोहलाच नाही. आबा शेडनेट धरून कमरेइतके आत उतरले, पण तो मधोमध होता.

वनखात्याची माणसं दुपारी आली. त्याला बाहेर काढलं, पंचनामा केला. कुंपण घातलंत ते बरं केलंत, असं त्यांच्यातला एकजण सहज म्हणाला.

ते गेल्यावर आबा तिथेच बसून होते. दिवसभर गुलाबांना पाणी सोडलं नव्हतं, त्यांच्या माना पडत चालल्या होत्या. लग्नसराईचे दिवस, दुसऱ्या दिवशी सकाळची तोडणी ठरलेली. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “पानी सोडू का गं?”

त्या तळ्याखेरीज दुसरं पाणी आमच्याकडे नव्हतंच.

मी म्हणाले, सोडा.