बर्फ वितळू देणाऱ्या काकी

"हात काढ. त्याला सारखं बगू नगंस, ते लाजतंय."

माझा हात माठाच्या झाकणाकडे गेला की काकी एवढंच म्हणायच्या आणि ओल्या हाताने चापट मारायच्या. 'ते' म्हणजे साच्यातलं दूध.

जुळे सोलापुरात त्यांची कुल्फीची गाडी होती. मी चंद्रपूरकडचा. आठवीत शाळा सुटली, कामं धरत-सोडत इथवर आलो. ओळखीचं कुणी नव्हतं. काकींनी "जेवलास का?" विचारलं आणि दुसऱ्या दिवशी कणीक मळायला बसवलं. साच्यांची झाकणं कणकेनं लिंपायची, म्हणजे खारं पाणी आत जात नाही.

मला सगळ्याचीच धास्ती. बर्फावर खडे मीठ पडलं की तो भराभर वितळायचा आणि माझा जीव खाली-वर.

"काकी, बर्फ चालला."

"जाऊ दे की. जाताना दुधातली ऊब घिऊन जातंय. त्येचं पानी हुतंय म्हनून हे घट्ट हुतंय."

"मग पाणी तरी ओतून देऊ?"

"लई गार असतंय ते खारं पानी. वतलंस तर साच्याला गारवा कोन लावनार, तू?"

झाकण उघडल्यावर निघणारा धूर तुम्हीही पाहिला असेल. मी त्यालाही दचकलो होतो. "हवेतली वाफ हाय," काकी म्हणाल्या. "गारठून तिचं पानी झालं म्हनून दिसली. आधी बी हुतीच, कुनाच्या ध्यानात नव्हती. तुझ्यागत."

मिठानं काकींचे हात चिरत चालले होते. एका उन्हाळ्यात मंद्रूप गावातल्या एका लग्नाची कुल्फी ठरली, तेव्हा म्हणाल्या, "ही तू कर. जमली तर गाडी तुजी. न्हाय जमली तर इकून टाकते आन लेकीकडं जाते."

मांडवाच्या खांबाला हात लावता येईना, असं ऊन. काकी नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसल्या, माझ्याकडे पाठ करून. "आज मी पावनी हाय."

पंगत उठायच्या आधी नवरीचे मामा आले. माठात डोकावले. "ओ कुल्फीवाले, सगळं पानी झालंय की. वता ते, नवा बर्फ घाला." मागे बादली घेऊन माणूस उभाच.

मी काकींकडे पाहिलं. त्या शेजारणीशी बोलण्यात गुंग.

"पाणी राहू द्या, मामा."

"आन पावन्यास्नी दूध पाजून धाडायचं व्हय?"

"दूध निघालं तर माठ माझ्या डोक्यावर ओता."

पाण्यात उरलेल्या बर्फावर अजून मूठभर मीठ टाकलं आणि माठ हलवत राहिलो.

वेळ झाली. कणीक फोडली, काडी खोचली, साचा तळहातांत फिरवला. हाताच्या उबेनं कड सुटली आणि कुल्फी सरळ बाहेर आली. काडीवर ताठ. मामांनी एक चावा घेतला, डोळे मिटले, आणि पोरांना मागं सारून दुसरीसाठी स्वतःच रांगेत घुसले.

"कुनाची वो कुल्फी?" शेजारणीनं काकींना विचारलं.

काकींनी वळून माझ्याकडे बोट केलं. "त्येची. गाडी बी त्येचीच हाय."

गेल्या थंडीत काकी चार दिवस लेकीकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. मला पोचता आलं नाही. पण त्या मला त्याच मांडवात दिसतात: कुल्फी वितळायच्या आत संपवायची घाई, दूध कोपरापर्यंत ओघळलेलं, नव्या लुगड्याची पर्वा नाही, आणि रिकामी काडी उंच धरून पाहुणीच्या हक्कानं मला सांगताहेत, "हिकडं आन की अजून एक."