विषय भरण्याआधी

२४ जून. आजचं काम: परिचर खोलीतलं मामांचं कपाट रिकामं करून चाव्या नव्या परिचराकडे देणे. प्रवेशाचे दिवस आहेत, म्हणून जेवणाच्या सुट्टीत उरकायचं ठरवलं होतं.

मामा म्हणजे पौडजवळच्या आमच्या विज्ञान महाविद्यालयातले प्रयोगशाळा परिचर. चारही प्रयोगशाळांच्या चाव्या त्यांच्याकडे असत. नवीन मुलगा प्रवेशाचा फॉर्म भरताना 'मुख्य विषय' या रकान्यापाशी आला, की मामा मागून येऊन त्याच्या हातातलं पेन काढून घेत आणि स्वतःच्या कानावर अडकवत.

"आधी हुंगून या. मग लिवा."

मुलगा गोंधळून बघे, तोवर मामा चालू लागलेले असत. पेन त्यांच्याकडे, त्यामुळे मागे जाण्यावाचून इलाज नसे.

हुंगायचं म्हणजे खरोखरच हुंगायचं. रसायनशास्त्राच्या भांडारखोलीचं दार उघडून मामा बाजूला उभे राहत. आतला आम्लांचा आणि अमोनियाचा वास मुलाच्या नाकात जाऊ देत. मग प्राणिशास्त्रातल्या साप-बेडकांच्या बरण्या. मग भौतिकशास्त्राची अंधारी खोली, तिथे एक डोळा मिटून बारीक रेघेवर रेघ जुळवायची. शेवटी वनस्पतिशास्त्रात एक देठ आणि ब्लेड हातात देत. "इतका पातळ काप काढा, की खालचं अक्षर वाचता आलं पायजे." या सगळ्या फेरीत ते मुलाच्या चेहऱ्याकडे बघत नसत. कुठल्या दारात त्याचे पाय रेंगाळतात आणि कुठून लवकर बाहेर पडतात, तेवढंच बघत.

तुम्ही कधी मुलाच्या प्रवेशासाठी रांगेत उभे राहिला असाल, तर 'स्कोप' हा शब्द तुम्हीही वापरला असेल. एक वडील मामांवर चांगलेच तापले होते.

"फिरवताय कशाला पोराला? केमिस्ट्रीच घ्यायचीय त्याला. पिरंगुटला एवढ्या कंपन्या हायेत, स्कोप हाय."

"स्कोप लांब हाय, पाटील. रोज चार चार तास उभं राहायचं, ते जवळ हाय. चला, तुमीबी चला."

पाटील भांडारखोलीतून डोळे पुसत बाहेर आले. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा बघत बसले ते उठेचनात. मुलगा दंडाला धरून ओढायला लागला, तेव्हा मामा म्हणाले, "थांब रं. त्यांचाबी फॉर्म आणतो."

बरण्यांपाशी एखादी मुलगी पांढरी पडली तर देण्यासाठी खिशात गुळाचा खडा असे. मोबाईल मात्र ठेवत नसत. "चाव्याच मावत न्हाईत, त्यो कुटं ठेवू?"

दोन वर्षांपूर्वी मी प्रवेश समितीची प्रमुख झाले. मी कामाची माणूस आहे. पहिल्याच दिवशी हिशेब केला: मामांच्या फेरीला एका विद्यार्थ्यामागे चाळीस मिनिटं, आणि बाहेर रांग फाटकापर्यंत. मी बारावीच्या गुणांवरून विषय सुचवणारा एक तक्ता केला, टेबलावर काचेखाली ठेवला आणि प्रवेशाच्या दिवसांपुरतं मामांना झेरॉक्सच्या यंत्रावर बसवलं.

"बरं, बाई," मामा म्हणाले आणि कानावरचं पेन काढून माझ्या टेबलावर ठेवलं.

एका विद्यार्थ्याला तीन मिनिटं लागू लागली. प्राचार्यांनी बैठकीत कौतुक केलं. मला ते आवडलं, हेही लिहायला हवं.

मागच्या वर्षी जूनमध्ये जवळच्या माले गावाहून दीपाली आली. एकटीच आली होती. रसायनशास्त्रात सर्वांत जास्त गुण. ती म्हणाली, "मॅडम, मला झाडांचं..." मी म्हटलं, "एवढे गुण आहेत, वाया कशाला घालवतेस?" तिने एकदा झेरॉक्सकडे पाहिलं. मामा कागद लावत होते. तिने रसायनशास्त्र लिहिलं आणि सही केली.

तिला दमा होता. फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता आणि मी विचारलं नाही. ऑगस्टपासून प्रात्यक्षिकाला ती खोकायची. मामा खिडक्या उघडून ठेवायचे, तिचं टेबल दाराजवळ आणायचे. एक दिवस माझ्याकडे आले.

"बाई, त्या पोरीला बॉटनी द्या."

"विषय बदलायची तारीख गेली, मामा."

"तारीख कुणी लावली?"

"विद्यापीठाने."

"विद्यापीठाला खोकला येत न्हाई."

मला हसू आलं. मी म्हटलं, "नियम आहे." नियमाला अपवाद करता येत होता. डॉक्टरचा दाखला जोडून सविस्तर अर्ज पाठवायचा, पाठपुरावा करायचा. माझे दोन दिवस गेले असते. त्या आठवड्यात माझ्याकडे परीक्षांचं वेळापत्रक होतं. मी अर्ज केला नाही. दिवाळीनंतर दीपाली यायची थांबली. हजेरीपटावरचं तिचं नाव मीच लाल शाईने खोडलं.

मार्चमध्ये मामा गेले. सकाळी प्रयोगशाळा झाडताना छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. निवृत्तीला दोन महिने राहिले होते. त्या दिवशी परीक्षा होती, मी अंत्यविधीला गेले नाही.

तर आज त्यांचं कपाट. एक टॉवेल, चष्म्याची रिकामी डबी, चाव्यांच्या दोन जुड्या, आणि खालच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेला एक फॉर्म. पुनर्प्रवेशाचा. नाव दीपालीचं, गाव माले. वडिलांची सही होती. डॉक्टरचा दाखला टाचलेला होता. मुख्य विषय वनस्पतिशास्त्र, तिच्याच अक्षरात. तारीख जानेवारीची. एकच जागा कोरी होती: प्रवेश समिती प्रमुखांची शिफारस आणि सही.

मी तिथेच स्टुलावर बसले. फेब्रुवारीतली एक सकाळ आठवली. मामा माझ्या दारात उभे होते, हातात प्लॅस्टिकची पिशवी होती.

"बाई, येळ हाय का?"

"आत्ता नाही, मामा. उद्या या."

"बरं."

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत आणि मीही बोलावलं नाही. ते रोज माझ्या दारावरून जात होते. माझं उत्तर काय असेल ते त्यांना ठाऊक होतं, किंवा ठाऊक आहे असं वाटत होतं. त्यांचा अंदाज चुकला असता असं मी खात्रीने म्हणू शकत नाही.

मी शिफारस लिहिली आणि सही केली. पुनर्प्रवेशाची मुदत तीस जूनपर्यंत आहे. कार्यालयातून दीपालीचा नंबर काढून लावला, तो बंद होता. लिपिक म्हणाला, ती पिरंगुटकडच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे, सकाळी माले फाट्यावरून कंपनीची गाडी घेते.

२५ जून. सकाळी पहिल्या एसटीने मी माले फाट्यावर उतरले. चार-पाच बायका डबे घेऊन उभ्या होत्या. दीपाली त्यांच्यात होती. मला बघून ती आधी डोक्यावरची ओढणी सारखी करायला लागली.

मी फॉर्म पुढे केला. तिने वाचला, सहीवर बोट ठेवलं.

"मामा म्हनले व्हते, बाईंची सही झाली की घेऊन येतो. आले न्हाईत. मला वाटलं, तुमी न्हाई म्हनलात."

"त्यांनी मला विचारलंच नाही, दीपाली. विचारायला आले होते, मी वेळ दिला नाही."

"मग मामा कुटं हायेत?"

तिला कुणी कळवलं नव्हतं. मी सांगितलं. दुसरं कसं सांगायचं ते मला येत नाही, म्हणून सरळ सांगितलं. ती रस्त्याच्या पलीकडे भाताच्या खाचरांकडे बघत राहिली. तेवढ्यात कंपनीची गाडी आली.

"तीस तारखेपर्यंत मुदत आहे," मी म्हटलं.

"घरी विचारते." तिने फॉर्म घडी न घालता वहीसारखा छातीशी धरला आणि ती गाडीत चढली. खिडकीपाशी जागा मिळाली. गाडी हलली तेव्हा तिने काच सरकवली.

"मॅडम, मामांच्या घरी कोन कोन असतं? जाऊन येते मी."

अकरा वर्षं आम्ही एका इमारतीत काम केलं. शोकसूचना मीच लिहिली होती, तिच्यात 'त्यांचे कुटुंबीय' असा शब्दही घातला होता.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. तिला ते ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. गाडी वळणापुढे गेली होती.